मतपेटीचे कुलूप आणि कानशीचा हक्क



मागच्या महिन्यात घाटकोपर पूर्वेच्या आमच्या वस्तीतील विहारात एक साधी अडचण आली. विहाराच्या लोखंडी कपाटाचे कुलूप अडकले. कपाटात बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड, वर्गणीची वही आणि भीमजयंतीचा हिशेब. चावी फिरत होती, पण बोल्ट सरकत नव्हता. चावीवाला म्हणाला, "कपाट जुने आहे, हा पार्ट मिळणार नाही, पूर्ण कुलूप बदला." तेव्हा वस्तीतले एक काका पुढे आले. रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "पार्ट मिळत नसेल तर करू या. कुलूप माणसानेच केले आहे ना?"

काकांनी कुलूप उघडून त्याचे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. एक लिव्हर झिजून मोडला होता, त्याची स्प्रिंगही गेली होती. त्यांनी पितळेची पट्टी घेतली, शेजारचा चांगला लिव्हर तिच्यावर ठेवून टोकदार सळईने आकार आखला, हॅकसॉने कापला, हाताच्या ड्रिलने भोक पाडले. मग पट्टी वाईसमध्ये धरून कानस चालवायला सुरुवात केली. आधी मोठी चपटी कानस, मग खाचेसाठी बारीक कानशी. स्प्रिंग केली एका जुन्या गजराच्या घड्याळाच्या पोलादी पट्टीतून. दोन संध्याकाळी गेल्या. दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला चावी फिरली आणि बोल्ट सरकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांमध्येच एका तरुण कार्यकर्त्याने मोबाइल पुढे केला आणि विचारले, "दादा, पीएम विश्वकर्मा योजनेच्या यादीत कुलूप बनवणारे पण आहेत. मी फॉर्म भरू का? काका शिकवतील मला." दुसरा लगेच उसळला, "विश्वकर्मा? आपण? बाबासाहेबांनी जातीचा धंदा सोडा सांगितले आणि तू पुन्हा हातोडी धरणार?" अर्धा तास वाद झाला. तो त्या रात्री मिटला नाही. हा लेख त्या वादाला दिलेले माझे उत्तर आहे. उत्तर देण्यासाठी इतिहासात जावे लागेल, आणि तो इतिहास आपल्या घाटकोपरच्या पुढच्याच स्टेशनवर, विक्रोळीत घडला आहे.

पाच रुपयांची पेटी

१९५१ साल. संविधान लागू होऊन एक वर्ष झाले होते. एक व्यक्ती, एक मत हे तत्त्व कागदावर आले होते. आता ते प्रत्यक्षात आणायचे होते. मतदार १७ कोटींच्या वर. त्यांतील बहुसंख्य निरक्षर. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे प्रश्न होता की ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याने मत द्यायचे कसे?

तेव्हाची पद्धत आजच्यासारखी नव्हती. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि त्या पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. म्हणजे एका मतदान केंद्रावर जितके उमेदवार तितक्या पेट्या. देशभर सुमारे २० लाख पोलादी पेट्या लागल्या आणि त्यासाठी ८,२०० टन पोलाद लागले. यांपैकी १२ लाखांहून जास्त पेट्या एकट्या विक्रोळीतील गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. दर ठरला होता एका पेटीला सुमारे पाच रुपये.

गोदरेजची सुरुवातच कुलपांपासून झाली होती. वकिली सोडलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला एका शेडमध्ये कुलपे बनवायला घेतली. १९४३ मध्ये पिरोजशा गोदरेज यांनी विक्रोळीची जमीन घेतली आणि स्वातंत्र्यानंतर कारखाना तिकडे वाढला. अर्थात कुलपाचे ज्ञान या कारखान्यात पन्नास वर्षांचे होते. तरीही मतपेटीत घोडे अडले ते कुलपापाशीच. बाहेरून लटकवायचे कुलूप पाच रुपयांच्या पेटीला परवडत नव्हते. हिशेब करून पाहा. कुलपामागे एकच रुपया वाढला तरी १२ लाख पेट्यांना १२ लाख रुपये वाढतात. शिवाय लाखो कुलपे म्हणजे लाखो चाव्या. त्या कोणी सांभाळायच्या? कोणत्या तालुक्याची चावी कोणत्या पेटीची हे कोणी लक्षात ठेवायचे?

यावर उपाय काढला तो कारखान्याच्या शॉप फ्लोअरवरच्या एका कामगाराने. नाथालाल पांचाळ हे त्यांचे नाव. त्यांनी बंद करण्याची यंत्रणा पेटीच्या आतच बसवण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली. बाहेर कुलूप नाही, म्हणून कुलपाचा वेगळा खर्च नाही आणि चाव्यांचा ढीगही नाही. कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्याने अनेक वर्षांनी दिलेल्या मुलाखतीत ही गोष्ट सांगितली आणि कंपनीच्या अभिलेखागारात ती नोंदली गेली, म्हणून हे नाव आज आपल्याला माहीत आहे. नाहीतर तेही गेले असते.

मित्रांनो, इथे थोडे थांबा. भारतीय लोकशाहीचा इतिहास आपण कसा शिकलो? संविधान सभा, भाषणे, कायदे, पुढारी. ते सर्व खरे आहे आणि त्याचा मानही आपल्याला आहे. पण एक व्यक्ती, एक मत या तत्त्वाला पत्रा लागतो, रिव्हेट लागतो, खटका लागतो. तो खटका कोणाच्या तरी हाताने घडतो. ते हात इतिहासात का दिसत नाहीत?

कारण ब्राह्मणी व्यवस्थेत ज्ञान म्हणजे पाठांतर. हाताने केलेले ते काम, डोक्याने केलेले ते ज्ञान, अशी फाळणी तिने हजारो वर्षे केली. काका लिव्हरवर कानस घासत होते तेव्हा मी जवळून पाहत होतो. कुलपातील प्रत्येक लिव्हरला एक खाच असते. चावीने प्रत्येक लिव्हर नेमका तेवढाच उचलला पाहिजे. कमी उचलला तर बोल्ट अडतो, जास्त उचलला तरी अडतो. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या तरच बोल्ट सरकतो. काका चावी घालायचे, बोल्ट कुठे अडतो ते बघायचे, लिव्हर काढायचे, कानशीचे दोन हलके हात द्यायचे आणि पुन्हा बसवायचे. असे पंधरा-वीस वेळा. अंदाज, तपासणी, दुरुस्ती, पुन्हा तपासणी. प्रयोगशाळेत याला विज्ञान म्हणतात. वस्तीत याला मिस्त्रीकाम म्हणतात. फरक कामात नाही, फरक करणाऱ्याच्या दर्जात आहे.

राखण आमची, किल्ली त्यांची

आता कोणी म्हणेल, नाथालाल यांचे आडनावच पांचाळ. गुजरातेत आणि महाराष्ट्रात हे आडनाव कारागीर समाजांमध्ये आढळते. म्हणजे परंपरेतूनच कौशल्य आले की नाही? मग विश्वकर्मा योजनेला विरोध कशाला?

प्रश्न योग्य आहे, त्याला बगल देण्याची गरज नाही. ज्या घरात ऐरण असते त्या घरातले पोर हातोडीचा आवाज ऐकत वाढते, त्याला लवकर येते. हे मान्य. पण मग पुढचा प्रश्नही विचारा. ऐरण त्याच घरात का होती आणि आपल्या घरात का नव्हती?

गावगाड्यात महार बलुतेदारच होता. त्याचे काम काय? वेसकर म्हणून गावाच्या वेशीचा दरवाजा राखायचा. तराळ म्हणून निरोप पोहोचवायचे. सरकारी खजिना तालुक्याला जाताना त्याच्याबरोबर पायी चालायचे, जीव गेला तरी खजिना पोहोचवायचा. विचार करा. दरवाजाची राखण आमच्याकडे, खजिन्याची राखण आमच्याकडे. पण ना कधी खजिन्याची किल्ली आमच्या हातात आली, ना कुलूप घडवायची कानस. विश्वासू म्हणून रात्रभर जागायचे आणि सकाळी त्याच गावात पाणवठ्याला शिवायचे नाही. मोबदला काय, तर वतनाचा तुकडा आणि दारोदारची भाकर. या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले ते उगाच नव्हे. ज्याला परंपरा म्हणून गौरवले जाते तिने एका घराला ऐरण दिली आणि दुसऱ्या घराला काठी. त्या काठीला कोणती योजना पारंपरिक कौशल्य म्हणणार आहे?

जात म्हणजे केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे, हा बाबासाहेबांचा १९३६ मधील युक्तिवाद प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असतो. पण त्याचा अर्थ वर्कशॉपमध्ये उभे राहून समजून घेतला पाहिजे. कानस कोणीही धरू शकतो. पुढे ढकलताना दाब द्यायचा, मागे घेताना उचलायचे, एवढे तर पहिल्या दिवशी कळते. हात बसायला मात्र महिने लागतात. रक्तातून यातले काहीच येत नाही. लागतो तो वाईस, कानस, शिकवणारा आणि वेळ. जातीने रोखून धरले ते नेमके हेच चार.

गाव सोडले, जात सुटली नाही

गावातून मुंबईला आलो तरी हे कुलूप उघडले नाही. गिरण्यांमध्ये अस्पृश्य कामगार मोठ्या संख्येने होते, पण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. मालकाने केलेला अन्याय दिसतो, मग कामगाराने कामगारावर केलेला अन्याय का दिसत नाही, हा त्या प्रश्नाचा आशय होता.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्या भाषणातील सूत्र आपण नेहमी सांगतो. पण त्याच भाषणातला दुसरा भाग आपण फारसा वाचत नाही. तिथे बाबासाहेबांनी रेल्वेतील आपल्या माणसाची अवस्था एकेका नोकरीचे नाव घेऊन सांगितली आहे. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमनच राहतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचे काम सांगितले जाते आणि त्या घरात अस्पृश्य चालत नाही. आणि वर्कशॉपमध्ये? तिथे तो मेकॅनिक होत नाही, मिस्त्री तर क्वचितच. तो हमाल म्हणून आत जातो आणि हमाल म्हणूनच बाहेर पडतो.

हे वाचून मी काकांना विचारले. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझा बाप वर्कशॉपमध्ये खलाशी होता. तेहतीस वर्षे. उचलायचे, वाहायचे, पुसायचे. मशीनवर फिटर काम करायचा आणि बाप बाजूला चिंधी घेऊन उभा असायचा. त्याला सगळे काम येत होते. बघून बघून आले होते. पण कानस त्याच्या हातात कोणी दिली नाही. मी ॲप्रेंटिस लागलो त्या दिवशी तो गेटपर्यंत आला होता."

मित्रांनो, बापापासून मुलापर्यंतचे ते अंतर, खलाशापासून फिटरपर्यंतचे, ते आपोआप कापले गेले नाही. ते कोणी कापले हे आपल्या पोरांना माहीत असले पाहिजे.

मंत्री झाल्यावर काय मागितले?

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात नोकऱ्यांतील वाटा आहे, उच्च शिक्षणासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी पैशांची मागणी आहे. त्याबरोबर तंत्रशिक्षणाची मागणीही आहे. सरकारी छापखाने आणि रेल्वे ही सरकारच्या ताब्यातील ठिकाणे आहेत, तिथे आमच्या मुलांना ॲप्रेंटिस म्हणून घ्या, असा त्या मागणीचा रोख आहे. विलायतेची पदवी आणि वर्कशॉपची उमेदवारी या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात शेजारी शेजारी आहेत. ज्यांनी दोन परदेशी विद्यापीठांच्या डॉक्टरेट घेतल्या त्या माणसाला कानस कमीपणाची वाटली नाही. आपल्याला का वाटावी?

युद्धकाळात मजूर खात्याकडे तांत्रिक प्रशिक्षणाची योजना होती, तीही त्यांच्याच खात्याच्या कारभारात चालली. १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय उभे राहिले आणि त्याच्यामार्फत १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. आज आपण जिला आय. टी. आय. म्हणतो ती हीच. पुढे १९६१ चा ॲप्रेंटिस कायदा आला आणि १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद झाली. मुलुंड, कुर्ला, अंधेरीच्या आय. टी. आय.मध्ये आज जे पोर फिटर ट्रेडला पहिल्याच आठवड्यात लोखंडाचा चौकोनी तुकडा घासत बसते, त्याला तो तुकडा कंटाळवाणा वाटतो. त्याला कोणी सांगितलेले नसते की त्याच्या पणजोबाला हा तुकडा घासायची परवानगी नव्हती.

आणि आय. टी. आय.चा खरा अर्थ हा आहे की तिथे प्रवेशाच्या वेळी बाप काय करत होता हे विचारत नाहीत. दहावीचे गुण विचारतात, जातीचा दाखला मागतात तोही दार उघडण्यासाठी. वाईसपुढे लोहाराचे पोर, महाराचे पोर, मराठ्याचे पोर आणि मुसलमानाचे पोर ओळीने उभे राहते आणि सगळ्यांच्या तुकड्याला तोच गुण्या लावून प्रकाशात धरतात. फट दिसली तर पुन्हा घास. कुठल्या घरचा आहेस याचा गुण्याला पत्ता नसतो. परंपरेच्या आणि प्रशिक्षणाच्या मार्गात फरक आहे तो इथे.

मग फॉर्म भरायचा की नाही?

आता विश्वकर्मा योजनेकडे वळू. ही योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. १८ व्यवसाय, त्यांत लोहार, सुतार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी यांच्याबरोबर कुलूप बनवणारेही आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत विनातारण कर्ज, पाच टक्के व्याजाने. नियमात कुठेही जातीची अट लिहिलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पात्रतेत कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाय असे शब्द आहेत आणि उद्देशात गुरु-शिष्य परंपरा बळकट करण्याची भाषा आहे. किमान वय १८. नाव एका देवतेचे.

अठरा वर्षांचे वय म्हणजे बारावीनंतर पुढे शिकायचे की नाही हे ठरवण्याचे वय. त्या वयात चांभाराच्या पोरापुढे, धोब्याच्या पोरापुढे सरकारने बापाचा धंदा आणि कर्ज ठेवले तर गरिबीत ते काय निवडेल? तमिळनाडू सरकारने नेमका हाच आक्षेप घेतला. कुटुंबाच्या परंपरेची अट काढा, किमान वय ३५ करा, असे सांगितले आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सध्याच्या स्वरूपात योजना राबवायला नकार दिला. तिथे ही आठवण जुनी आहे. १९५३ मध्ये राजाजींनी मद्रास राज्यात मुलांनी अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ घरचा धंदा अशी योजना आणली. पेरियारांनी तिच्याविरुद्ध रान उठवले आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मागे घ्यावी लागली. महाराष्ट्रात मात्र आपण फॉर्मच्या रांगेत उभे राहिलो, प्रश्न विचारला नाही.

तर माझे उत्तर असे. त्या रात्री वाद घालणारे दोघेही अर्धे बरोबर होते आणि अर्धे चूक.

हातोडी धरू नको म्हणणाऱ्याला मी सांगतो, बाबासाहेबांनी जातीचे काम सोडायला सांगितले, शिकलेले काम नाही. मेलेले ढोर ओढू नका हे सांगणे आणि वर्कशॉपमध्ये मिस्त्री होऊ द्या ही मागणी करणे, ही एकाच लढाईची दोन टोके आहेत. हाताच्या कामाला नाक मुरडणे हा ब्राह्मणी संस्कार आहे, तो निळा झेंडा खांद्यावर घेऊन पाळला तरी ब्राह्मणीच राहतो. आपल्यातला शिकलेला वर्ग आय. टी. आय.च्या पोराला लग्नाच्या बाजारात खालचा समजतो, हे आपण एकमेकांत तरी कबूल करू या.

आणि फॉर्म भरू का म्हणणाऱ्याला सांगतो, पैसा सरकारचा म्हणजे जनतेचा आहे. नियमात बसत असशील आणि अवजारे मिळत असतील तर जरूर घे, त्यात लाज नाही. पण खोटे लिहू नकोस. तुझ्या घरात कुलपाची परंपरा नव्हती. ती का नव्हती हे तुला आता माहीत आहे. पांचाळ असल्याचे सोंग घेऊन अवजार मिळवण्यापेक्षा, परंपरा नसलेल्यालाही अवजार द्या ही मागणी कर. ती मागणी १९४२ च्या निवेदनात आहे. ती आपली परंपरा आहे.

हत्तीची पेटी

शेवटी पुन्हा मतपेटीकडे येतो, कारण तिची गोष्ट अर्धीच सांगितली.

जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत मतदान झाले. उत्तर मुंबई शहर हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार होते स्वतः बाबासाहेब. फेडरेशनचे चिन्ह होते हत्ती. मतदान केंद्रावर ओळीने मांडलेल्या पोलादी पेट्यांमध्ये एका पेटीवर हत्ती चिकटवलेला होता. आपल्या आजी-आजोबांनी, ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांनी हत्ती ओळखून त्या पेटीत कागद टाकला. आयुष्यात पहिल्यांदा मालकाइतकेच वजन असलेला कागद.

बाबासाहेब हरले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते. ज्याने संविधानाचा मसुदा तयार केला तो १४,५६१ मतांनी मागे पडला. त्यांनी अशोक मेहतांसह या निकालाविरुद्ध दादही मागितली. निकाल बदलला नाही.

पेटीचे कुलूप पक्के होते. समाजाच्या मनाचे कुलूप त्याहून पक्के निघाले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी हेच तर बजावले होते. राजकारणात समता येईल आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील, ही विसंगती लवकर संपवली नाही तर राजकीय लोकशाहीचा डोलारा टिकणार नाही. काका कुलूप जुळवताना मला हे भाषण आठवत होते. बाकीचे लिव्हर जागेवर होते, एकच मोडला होता. तेवढ्याने कपाट बंद. मताचा हक्क मिळाला, पण शिक्षण, अवजार, जमीन, नोकरी यांतला एक जरी लिव्हर जागेवर आला नाही तरी बोल्ट सरकत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना तीन कामे सांगतो. एक, आपल्या वस्तीतील निवृत्त फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन शोधा आणि त्यांची मुलाखत मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. नाथालाल पांचाळ यांचे नाव एका सहकाऱ्याच्या मुलाखतीमुळे राहिले. आपल्या काकांचे नाव कोण ठेवणार? दोन, जवळच्या आय. टी. आय.मध्ये जाऊन बघा की ट्रेड चालू आहेत का, मशीन चालू आहेत का, शिक्षक आहेत का, राखीव जागा भरल्या जातात का. नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. भीमजयंतीच्या डीजेइतकाच जोर या अर्जाला लावा. तीन, विहारात ग्रंथांच्या कपाटाशेजारी एक वाईस आणि चार कानशी ठेवा. खर्च दोन-तीन हजारांच्या पुढे जात नाही.

आमच्या विहारात आता वाईस बसला आहे. दर रविवारी वंदनेनंतर काका पोरांना शिकवतात. मागच्या रविवारी फॉर्मवाला आणि त्याला विरोध करणारा, दोघेही एकाच पट्टीवर आळीपाळीने कानस मारत होते. काकांनी पट्टी प्रकाशात धरली आणि म्हणाले, "फट आहे. पुन्हा घासा."

जय भीम!